पिवळी कड

“पिवळी कड कुठाय? तूच कापलीस! तुझ्याशिवाय हात लावला कोणी?”

माणिकपूरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कटिंग मास्तर असे ओरडत होते, की तिकडे पाचूबंदरला मासळीचा लिलाव थांबला असेल. हातात चिमुकलं कार्ड. त्यावर टकला कोणी अमेरिकन खेळाडू, तोही घाबरलेला.

मंडळी, कारागीर तुम्हीही पाहिले असतील, पण असा नाही. उमेळ्याहून सायकलवर येऊन मास्तरांनी चाळीस वर्षं छापखान्यात कागद कापले. पातं खाली आणण्याआधी कपाळावर क्रूस काढायचे. त्या पात्याखाली माशी सापडली तर दोन सारख्या माश्या उडायच्या. मी स्वतः मोजल्यात. निवृत्त झाले तरी खिशात पट्टी आणि ब्लेड. “रेषेत आण रे!” म्हणत माझ्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका सरळ करत बसायचे. पुतणीच्या लग्नाचा केक त्यांनी पट्टी लावून कापला. पाहुणे ताटकळले, पण तुकडे असे, की रचून भिंत बांधावी.

एकदा अमेरिकेतल्या लेकीने त्यांना फोटो पाठवले. शंभर वर्षांपूर्वी तिकडे सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं मिळत, त्यांचे. बेसबॉल कशाशी खातात ते मास्तरांना ठाऊक नव्हतं.

“खेळ गेला खड्ड्यात. हे सगळे एका मोठ्या कागदावर छापलेले. कोण कोणाच्या शेजारी होता, ते सांग!”

ते कोणालाच धड सांगता येईना. अख्खा कागद म्हणे एकही उरलेला नाही. पण पातं जरा सरकलं, की कार्डाच्या काठाला शेजाऱ्याच्या चित्राची कड येते. अशा वाकड्या कार्डांचे प्रिंट माझ्याकडून काढून मास्तरांनी हॉलच्या भिंतीवर माणसं शेजारी शेजारी बसवली. येशूची तसबीर तेवढी टीचरनी हलवू दिली नाही. टीचर म्हणजे त्यांची बायको. शाळा सुटली तरी सगळे, मास्तरसुद्धा, त्यांना टीचरच म्हणत.

एका जागेवरून इंटरनेटवर अमेरिकनांशी जुंपली. हिरव्या चित्रातल्या टकल्याच्या डावीकडे पिवळ्या चित्रातला मिशीवाला, हे मास्तरांचं म्हणणं. अमेरिकन म्हणाले, पुरावा दाखवा. मग लेकीने शोधून शोधून टकल्याचं एक अस्सल, वाकडं कापलेलं कार्ड पाठवलं. डाव्या काठाला पिवळी कड! मी मास्तरांच्या घरी कार्ड हातात धरून ती पाहिली. मोबाइलचा फोटो तिरका येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे स्कॅन करायला आले, पाकीट उघडलं, आणि कड गायब.

महिनाभर मास्तर रोज माझ्या पायरीवर येऊन ओरडून गेले. मी देवळाच्या शपथा घेतल्या, चर्चच्याही घेतल्या. उपयोग शून्य. भिंतीवरची ती जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली.

मास्तर जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा टीचरनी ते कार्ड मला ठेवायला दिलं. सहज पट्टी लावली. डावा काठ इतका सरळ, की पट्टीच वाकडी वाटावी. असं कापणं माझ्या सात पिढ्यांना जमलं नसतं.

“टीचर, हे तर मास्तरांनीच...”

“हो. माझ्यासमोर. रेडिओ ऐकत बसले होते, कार्ड वाकडं दिसलं, हात चालला. त्यांना कळलंसुद्धा नाही.”

“मग सांगितलं का नाहीत? महिनाभर शिव्या मी खाल्ल्या!”

टीचर चहा गाळत म्हणाल्या, “स्वतःवर चिडले असते तर जेवले नसते. तुमच्यावर ओरडून आले, की दोन भाकऱ्या जास्त खायचे.”