चौथ्या इनिंगपासून

माझ्या मुलीने एका उन्हाळ्यात दोन नो-हिटर टाकले आणि दोन्ही वेळा मी चुकले. पहिल्या चुकीवरून घरात अजून माझी टिंगल चालते. दुसरीबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून तीच लिहायला बसले आहे, पण पहिली सांगितल्याशिवाय दुसरी कळणार नाही.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिचर म्हणजे आपला गोलंदाज. त्याचा चेंडू नीट मारून बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप पोचला की ती झाली हिट. मुलींच्या सामन्यात सात इनिंग, म्हणजे छोटे छोटे डाव, असतात. सातही इनिंगमध्ये समोरच्या संघाला एकसुद्धा हिट मिळाली नाही, तर पिचरच्या नावावर नो-हिटर लागतो. आयुष्यभर खेळून एकही न मिळालेले पिचर ढिगाने सापडतील. माझा नवरा क्रिकेटवेडा. केंब्रिजला आल्यावर त्याने तेच वेड बेसबॉलकडे वळवलं. तो जेवताना सांगायचा, "मोठ्या लीगमध्ये एका मोसमात दोन नो-हिटर टाकणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि लागोपाठच्या सामन्यांत टाकणारा तर एकच." मी म्हणायचे, "पोळी गार होतेय." मला त्यात काडीचा रस नव्हता. मुलगी पंधरा वर्षांची होती, उंच, अबोल, उजव्या हाताने तुफान चेंडू फेकणारी. पुढच्या वसंतात प्रांताच्या मुलींच्या संघाची निवड होती आणि तिला त्या संघात जायचं होतं. दुसरं काही तिने मागितल्याचं मला आठवत नाही.

पहिला नो-हिटर जूनमध्ये झाला. शनिवार दुपार, घराजवळचं मैदान, आम्ही आईबाप घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलो. पाचव्या इनिंगला माझ्या लक्षात आलं की डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, काहीतरी बिनसलंय. माझी मुलगी टोकाला एकटी बसली होती. बाकीच्या मुली दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसल्या होत्या. मध्ये चार जणी सहज मावतील एवढी जागा रिकामी. ती पाणी प्यायला उठली तर दोघी चक्क बाजूला सरकल्या. कोणी टाळी दिली नाही की पाठ थोपटली नाही. अख्ख्या संघात सावळी मुलगी ती एकटीच, हे मी कधी विसरले नव्हते.

कॅचर म्हणजे आपली विकेटकीपर. तिची आई माझ्या शेजारी बसली होती, तिला मी म्हणाले, "शी इज डुइंग वेल, नो? नॉट ए सिंगल हिट!"

ती बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिच्या तोंडावर शिवी हासडली. तिने खुर्ची उचलली आणि दहा पावलं लांब जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघं उठले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझा स्वभाव मला माहीत आहे. नागपूरला आमच्या घरात मी बोलायला लागले की काका पेपर घेऊन अंगणात जायचे. नवरा नेमका गाडीत विसरलेली टोपी आणायला गेला होता, म्हणून आवरायलाही कोणी नव्हतं. सहाव्या इनिंगच्या मध्ये मी हातात चिवड्याचा डबा घेऊन जाळीचं दार ढकललं आणि थेट डगआउटमध्ये शिरले.

"व्हाय इज नोबडी टॉकिंग टू माय डॉटर?" मी म्हणाले. "शी इज थ्रोइंग अ नो-हिटर फॉर यू, अँड यू पीपल आर ट्रीटिंग हर लाइक धिस?"

एका मुलीने दोन्ही हातांनी कान झाकले. दुसरीने "ओ माय गॉड" म्हणून डोळे मिटले. आमचे कोच म्हणजे निवृत्त शाळामास्तर, अतिशय मवाळ माणूस. त्यांच्या हातातला पेन्सिलीचा तुकडा खाली पडला. आणि माझी मुलगी? तिच्या तोंडावरचा रंगच उतरला होता. कोचनी मला दंडाला धरून, अगदी आजारी माणसाला न्यावं तसं, बाहेर आणलं.

तिने तरीही तो नो-हिटर पुरा केला. शेवटची बॅटर बाद झाली आणि इतका वेळ तिच्याकडे न बघणाऱ्या सगळ्या मुली किंचाळत तिच्या अंगावर पडल्या. मी डबा धरून उभी. मला काही समजेना. मग कॅचरच्या आईने जवळ येऊन समजावलं. नो-हिटर चालू असताना पिचरशी बोलायचं नसतं. तो शब्द तर उच्चारायचाच नसतो. बोललं की मोडतो. सगळे तिला टाळत नव्हते, जपत होते.

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. बाळाचं कोणी फार कौतुक केलं की लगेच तीट लावणारी मी. दृष्ट मला नवीन होती का? पण बेसबॉलला दृष्ट लागते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

नवऱ्याने आठवडाभर मीठ-मोहऱ्यांवरून विनोद केले. मुलगी हसली नाही. गाडीत मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, प्रॉमिस कर. नेक्स्ट टाइम यू वोन्ट कम निअर द डगआउट. यू वोन्ट से अ वर्ड. काहीही झालं तरी."

मी म्हणाले, "शप्पथ."

"नेक्स्ट टाइम" येईल असं तिलाही वाटलं नसणार. पण ऑगस्टमध्ये तो आला.

त्या दिवशी मी शहाण्यासारखी लांब, समोरच्या बाजूच्या कुंपणापाशी, पण बाक नीट दिसेल अशा जागी बसले होते. नवरा शेजारी. तीन इनिंग झाल्या, हिट नाही. चौथी झाली, हिट नाही. बाकावर पुन्हा ती रिकामी जागा पडली. कोच पाठ करून उभे राहिले. या खेपेला मला सगळं कळत होतं. मला खुर्चीवर बसवेना. हाताच्या बोटांवर मोजता येणारे ते लोक, नवऱ्याच्या जेवणावेळच्या गोष्टीतले, आणि आता ही माझी. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मान डोलावली.

चौथी संपवून बाकावर आल्यावर तिने पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलली. टोपीही डाव्या हाताने काढली. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला. बोटं उघडत होती, मिटत होती. तिला जन्मापासून बघतेय मी. ही मुलगी कधी काही डाव्या हाताने करत नाही.

मी एका मोटार कारखान्यात तपासणीला आहे. गाडीत काही वेडंवाकडं दिसलं की वरची दोरी ओढायची आणि अख्खी लाइन थांबवायची, हे माझं काम. संशयावरही ओढायची, मागून कोणी बोल लावत नाही. दिवसातून किती वेळा ओढत असेन, त्याचा मला हिशेबही नाही. त्या दुपारी मी हात मांडीखाली दाबून बसले.

"काय गं?" नवऱ्याने कुजबुजत विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

पाचव्या इनिंगला जाताना तिने कुंपणाकडे, आमच्या दिशेने पाहिलं. सहाव्या इनिंगलाही पाहिलं, जरा जास्त वेळ. तिचे किती चेंडू झाले ते कोच मोजत होते, आकडा एका सामन्याला ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत होता. म्हणजे तिला थांबवायला कोणाकडे कारण नव्हतं. मी हसून मान हलवली. छान चाललंय, अशा अर्थाने.

सातव्या इनिंगचा शेवटचा चेंडू बॅटरने उंच उडवला, कॅचरने झेलला आणि सगळीकडे आरडाओरडा सुरू झाला. मीही धावले. मुली तिच्या अंगावर पडल्या तेव्हा मला तिची किंकाळी ऐकू आली. ती आनंदाची नव्हती.

"डोन्ट टच माय आर्म! डोन्ट टच माय आर्म!"

मुली एकदम मागे सरल्या. ती गुडघ्यावर बसली होती, उजवं कोपर पोटाशी धरून. कोपर सुजून गोल झालं होतं.  कोच तर पांढरेफटक पडले. कॅचर तिला म्हणाली, "यू शुड हॅव सेड समथिंग," आणि रडायलाच लागली.

त्यानंतर एक्स-रे, मग एमआरआयची लांबलचक वाट. सप्टेंबरात एकदाची तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळाली. नवरा कामावर, आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. कोपरातला लिगामेंट अर्ध्याहून जास्त फाटला होता. वर्षभर चेंडू हातात धरायचा नाही, कदाचित शस्त्रक्रिया. पुढे पिचिंग करता येईल का, हे आज सांगता येणार नाही. वसंतातली निवड तर विसराच. मुलगी चित्राकडे बघत होती. 

"दुखायला कधी लागलं?" डॉक्टरीणबाईंनी तिला इंग्रजीतून विचारलं.

"फिफ्थ इनिंग, आय थिंक," ती म्हणाली.

"फोर्थ," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. कारखान्यात कोणी चुकीचा आकडा सांगितला की मी करते तसं, सवयीने. डॉक्टरीणबाईंनी लिहिताना मान वर केली. मुलीने सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. मला माझ्याच आवाजाची भीती वाटली. इतके आठवडे मी स्वतःला सांगत होते की आपल्याला काही कळलं नव्हतं, आणि मला ते पटतही होतं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली, पण गाडी सुरू करवेना.

"यू सॉ इट," ती म्हणाली.

"हो."

"मी दोनदा तुझ्याकडे बघितलं. आय थॉट, आता आई येईल. मला बोलता येत नव्हतं ना, सगळे माझ्यासाठी गप्प होते. पण तू तर कोणाचं ऐकत नाहीस. यू ऑल्वेज कम."

मी किल्ली काढून पुन्हा लावली. तिनेच डाव्या हाताने डोळे पुसले आणि माझी सुटका करायला म्हणाली, "इट्स ओके, आई. प्रॉमिस मीच घेतलं होतं."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. मी मान हलवली असती, तिनेही तेच कारण धरून ठेवलं असतं, आणि आम्ही घरी येऊन जेवलो असतो.

"त्या प्रॉमिसमुळे नाही गं," मी म्हणाले. "मलाही तो दुसरा नो-हिटर हवा होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं, आणि मी गाडी सुरू केली.