खारट माती

लग्न झालं तेव्हा नवऱ्याची नोकरी बिदरला होती. तिथल्याच मैलूर भागात आम्ही माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली. खोलीपुढे अरुंद गॅलरी होती. मी शेतातली पोर, ठाणाकुशनूरची. मातीत हात घातल्याशिवाय मला करमेना. मग डालड्याचे डबे जमवले, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली आणि पुदिना, कोथिंबीर, ओवा, गवती चहा लावला. शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवायची, ते पाणी भरपूर पातळ करून आठवड्यातून एकदा घालायचं. वास घाण यायचा, पण पुदिना डब्याबाहेर लोंबायला लागला.

खाली घरमालकीण राहायची. तिला मी अक्का म्हणायची. सांजच्याला ती जिन्यातून हाक मारायची, "चार काड्या दे गं पुदिन्याच्या." मी मूठभर द्यायची.

पुढे माझी आई चार दिवस राहायला आली. सकाळी गॅलरीत बसून तिनं मोठ्यानं बुद्धवंदना म्हटली. त्या सांजेपासून अक्काची हाक बंद झाली.

पंधरा दिवसांत पुदिन्याची पानं कडेनं करपली. पेंड जास्त झाली असेल म्हणून मी खत बंद केलं, नुसतं पाणी घातलं. तरी ओवा गळाला, कोथिंबीर आडवी झाली. एक दिवस मातीवर पांढरी साय दिसली. बोट लावून जिभेला लावलं. खारट. गच्चीवर मिरच्या वाळवायला अक्का आमच्याच गॅलरीतून जायची. दुसरं कुणी येत नव्हतं.

मी तशीच खाली उतरले.

"अक्का, डब्यात मीठ कामून टाकलं तुम्ही?"

ती तांदूळ निवडत होती. मानसुद्धा वर केली नाही. "तुमच्या हातचं पानी माझ्या भिंतीवरून उतरायलंय. मी कामून सोसू?"

"आधीबी हेच पानी उतरायलतं. तवा पुदिना बरा गोड लागला!"

नवरा वरून ओरडला, "गप की! घर सोडावं लागंल." त्याचाही मला तेवढाच राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

गवती चहाचा गड्डा तेवढा जिवंत होता. बादलीत तीनदा मुळं धुतली, माहेरची माती मागवली आणि डबा आत खिडकीत ठेवला. पुढचं वर्षभर अक्का आणि मी जिन्यात समोरासमोर आलो तरी भिंतीकडे बघायचो.

पावसाळ्यात तिला खोकला झाला. दिवसभर खालून खॉक खॉक चालायचं. एका दुपारी ती अर्धा जिना चढून आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"गवती चहा हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "पर तुम्हाला देनार न्हाई."

ती एकेक पायरी उतरत गेली. मी मुद्दाम दार उघडं टाकलं, चार पाती जास्त घालून चहा उकळला. वास खाली जावा म्हणून.

नवरा रात्री म्हणाला, "दिली असतीस तर काय गेलं असतं?"

दिवाळीनंतर आम्ही ते घर सोडलं. जाताना मी खाली निरोप घ्यायला गेले नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.