पालीत बसून रत्नागिरीचा कॉम्प्युटर

आता काय सांगू तुम्हाला! मी नाही सांगितलं तर सुवर्णा सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

पालीजवळच्या आमच्या गावात विहाराला लागून अभ्यासिका आहे. तिथे आमच्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाने पाच कॉम्प्युटर पाठवले. जुने! इतके जुने की चालू करून चहा पिऊन यावं, तरी पडदा काळाच. त्यांच्यावर सराव परीक्षा काही उघडेना. तलाठी भरतीला बसलेली माझी चुलतबहीण सुवर्णा आणि तिच्या मैत्रिणी अगदी रडकुंडीला आल्या. मंडळाचे अध्यक्ष बापू फोनवर म्हणाले, "रविवारी येतो. चालले तर ठीक, नायतर भंगारात."

"बापू, मी आहे ना!" मी म्हटलं. रत्नागिरीत ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणून गावात मी तज्ज्ञ. युक्ती साधी होती. रत्नागिरीत माझ्या घरी दणकट कॉम्प्युटर आहे. गावच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरने फक्त हुकूम पाठवायचा, काम घरच्याने करायचं. दोघांना जोडणारं सॉफ्टवेअर तेवढं निवडायचं.

रविवारी सकाळी तीन सॉफ्टवेअर घेऊन बसलो. पहिलं म्हणालं, पलीकडचा कॉम्प्युटर सापडत नाही. दुसरंही तेच म्हणालं.

"फुकटचं ते असंच असणार!" मी नाक मुरडलं.

"दादा, घरी फोन करून विचारूया का?" सुवर्णा म्हणाली.

"तू अभ्यास कर गो!"

तिसऱ्याने पत्त्याच्या जागी आपलं आपणच काहीतरी भरून ठेवलं होतं. मी नुसतं बटण दाबलं, आणि झटक्यात जोडलं की हो! हुकूम द्यायचा अवकाश, उत्तर हजर. पाली आणि रत्नागिरीच्या मध्ये अख्खं हातखंबा गाव आहे असं वाटेचना!

चारला बापू आले. मी अर्धा तास भाषण ठोकलं.

"बरं, आता इथून तुझ्या घरचा बंद करून दाखव," बापू म्हणाले.

मी ऐटीत हुकूम दिला. समोरचाच पडदा काळा!

"रे, हा कसा विझला?"

"जुना आहे ना, धक्का बसतो त्याला," मी ठोकून दिलं. बघा निर्लज्जपणा! वर पुरावा म्हणून बायकोला फोन लावला, तोही स्पीकरवर. "अगं, घरचा कॉम्प्युटर आत्ता बंद झाला ना?"

"आत्ता? अहो, त्याची पिन सकाळीच काढली मी, मिक्सर लावायला! ओट्याकडचा प्लग जळलाय म्हणून सतरांदा सांगितलं तुम्हाला. चटणी काय हातानं वाटू?"

अभ्यासिकेत जी खसखस पिकली, विचारू नका. म्हणजे सकाळपासून मी ज्याच्यासमोर बसलो होतो, त्यालाच त्याच्याशी जोडून हुकूम सोडत होतो. तिसऱ्याने भरून ठेवलेला पत्ता त्याचाच! ज्या दोघांनी खरं सांगितलं त्यांना हाकललं, आणि गोड बोलला त्याला डोक्यावर घेतलं! हसू नका, मतदानाला तुम्ही तरी दुसरं काय करता?

बायकोने पिन लावून कॉम्प्युटर चालू केला. सुवर्णाने पहिलं सॉफ्टवेअर उघडलं. लगेच जोडलं, प्रश्नपत्रिका समोर! पोरींनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, चला, सुटलो.

"मग बापू, भंगारवाल्याला नको म्हणून कळवू ना?"

"थांब," बापू चष्मा पुसत म्हणाले. "कॉम्प्युटर इथेच राहतील. पण त्याला येऊ दे, तुला घेऊन जाऊ दे."