उरल्या हाताची नखं

नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात तो मेथीच्या जुड्या घेऊन बसायचा. उजवा हात कापसाची सरकी काढायच्या जिनात, यंत्रात सापडून गेलेला. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचा आणि गाठ दातांनी आवळायचा. शेजारणीच्या जुडीपेक्षा त्याची जुडी घट्ट असे.

मी दवाखान्यात कारकून. त्याच्या अपंगत्वाचा फॉर्म मीच भरला. आंघोळीला, जेवायला, कपडे घालायला कुणाची मदत लागते का, असे प्रश्न होते. नुसतं "नाही" म्हणून तो थांबत नव्हता. "पाहा न बाबूजी," म्हणत त्यानं सदऱ्याची सगळी बटणं काढून पुन्हा लावून दाखवली. मी घाईत होतो. सगळीकडे "स्वतः करतो" असं लिहिलं.

"थांबा, एक राह्यलं. उरल्या हाताची नखं मले कापता येत नाही. बायको कापते."

"त्याला रकाना नाही."

"मंग खाली लिहा. अर्धंच खरं काऊन लिहिता?"

मी समासात लिहिलं.

त्यानंतर भाजी घेताना माझी नजर आधी त्याच्या नखांवर जाई. एकदा ती वाढलेली दिसली, आत माती. बायको लेकीच्या बाळंतपणाला जळगाव जामोदला गेली, एवढंच त्यानं सांगितलं.

पुढच्या बाजाराला मी पिशवीत ब्लेड नेलं. काढायला संकोच वाटत होता, तरी काढलं.

त्यानं ब्लेडकडे पाहिलं, हात धोतराला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"तुमीच लिहिलं व्हतं न," तो म्हणाला.