ताईने न धुतलेली टाकी

माझी थोरली बहीण डूख धरून बसणारी आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. वडिलांच्या गॅरेजमध्ये वीस वर्षं प्रत्येक कार्बोरेटर तिने उघडला, मागच्या खोलीत बसून. पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायला दादा. वडील गेले, गॅरेज दादाचं झालं. एकदा कुणीतरी विचारलं, हे बारीक काम करतं कोण? दादा म्हणाला, मीच, ताई नुसते भाग पुसून देते. ताईने ते पडद्याआडून ऐकलं. त्या दिवसापासून ती खरोखरच नुसते भाग पुसू लागली.

मग जवळच्या पंपावर इथेनॉल मिळू लागलं आणि जुन्या गाड्यांचे मालक चौकशीला येऊ लागले. वडिलांची जुनी गाडी आपण स्वतः इथेनॉलवर चालवून दाखवू, रविवारी, सगळ्यांसमोर, असं दादाने छाती फुगवून सांगितलं. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त लागतं म्हणून त्याने कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक छिद्र, मोठा केला आणि हात झटकले. रबरी नळ्या जुन्याच. टाकीत तीस वर्षांचा गाळ, तोही तसाच. इथेनॉल जुनं रबर खातं आणि तळाचा गाळ सोडवतं, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. सांग की त्याला, मी म्हटलं. ती भाग पुसत राहिली.

शनिवारी दादा जेवायला गेला, तेवढ्यात तिने सगळ्या नळ्या बदलल्या. टाकीला मात्र बोट लावलं नाही.

"नळी फुटली तर गाडी पेट घेईल," ती म्हणाली. "मला त्याची फजिती बघायचीय, राख नाही."

रविवारी वीसेक माणसं जमली. आईला खुर्ची दिली होती. पहिली फेरी झोकात झाली. दुसऱ्या फेरीत गाडी आचके देत गॅरेजच्या दारातच बंद पडली. दादाने बॉनेट उघडलं आणि नव्या नळ्या बघून त्याचा चेहरा उतरला. मला हसू आवरेना.

तो मागच्या खोलीत आला. "ताई, नळ्या तू बदलल्यास. मग काय अडलंय तेही तुला माहीत असणार."

"टाकीतल्या गाळाने इंधनाची गाळणी तुंबलीय. नवी माझ्याकडे आहे. आधी बाहेर जाऊन सांग, वीस वर्षं कार्बोरेटर कोण उघडत होतं."

तो बाहेर गेला आणि जमिनीकडे बघत पुटपुटला.

"आईला ऐकू आलं नाही," ताई दारातून म्हणाली.

मग तो मोठ्याने बोलला. आई उठून उभी राहिली. इतकी वर्षं ती मुलाच्या हातांचं कौतुक करत आली होती. तिने एकदा दादाकडे पाहिलं आणि आपली खुर्ची उचलून ताईजवळ नेऊन ठेवली.

ताईने पाच मिनिटांत गाळणी बदलली. टाकी मात्र तिने दादालाच उतरवून धुवायला लावली, सगळी माणसं जायच्या आत.