रिकामे चौक

वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावते ती धवलेरी. जामसरकडच्या एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या धवलेरीची गाणी मी लिहून घेत होते. मी जव्हारला शाळेत शिकवायचे. लग्नाखेरीज ही गाणी म्हणायची नसतात, तरी आजी माझ्यासाठी हलक्या आवाजात म्हणत. त्यांची नात ठाण्याकडे कामाला गेलेली. आजींजवळ बसून शिकायला तिला सवड नव्हती, निदान वाचून तरी शिकेल, एवढीच त्यांची आशा. फक्त लग्नात भिंतीवर पिठाने चौकोनी चौक मांडतात, त्यात पालघट देवीला बोलावण्याचं गाणं त्यांनी राखून ठेवलं होतं.

"बाकीची कशी ठेवलीस ती आधी दाव. मंग देन," त्या म्हणाल्या होत्या.

आजी गाताना मध्येच घसा आवळून सूर तोडत. तो अटकाव आपल्या बाराखडीत नाही. भाषेचे अभ्यासक त्यासाठी गळाच्या आकड्यासारखं एक चिन्ह वापरतात. बाजारातल्या डीटीपीवाल्याने लगेच तोडगा काढला. "मॅडम, फॉन्टमधलं टक्क्याचं चिन्ह काढून तिथं तुमचा आकडा बसवतो. गाण्यात टक्के कोणाला लागतात?" दिसायला झकास दिसलं असतं. पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की लग्नाच्या गाण्यात टक्केच टक्के! मी हट्टाला पेटले. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या सामाईक अक्षरयादीत, त्या चिन्हाला नुकताच स्वतःचा क्रमांक मिळाला होता, तोच मी घालायला लावला. आमच्या एकाही फॉन्टमध्ये त्याचा आकार नव्हता, त्यामुळे जिथे जिथे आजींचा सूर तुटत होता तिथे तिथे रिकामा चौकोन उमटला. आज ना उद्या फॉन्ट येईल आणि चौकोन आपोआप भरतील, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. माझं बरोबरच होतं.

छापलेली पानं घेऊन मी पाड्यावर गेले. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी पहिलं पान उन्हात धरलं आणि त्यांचं बोट एका चौकोनावर थांबलं. मग दुसऱ्यावर. त्यांनी पान उलटलं, पुढचंही उलटलं.

"बाय, येवढं चौक मांडलंस, न् देव कुठं हाय?"

मी फॉन्टचं सांगू लागले. त्या ऐकतच नव्हत्या.

"चौक रिकामा ठेवाचा नाय. रिकाम्या चौकात कोन बी येतं."

त्यांच्या सुनेने अंगणातलं लेकरू उचलून आत नेलं. आजींनी पानं माझ्या मांडीवर ठेवली, हात मातीने चोळले आणि त्या उठल्या. मी पुन्हा दोनदा गेले, त्या बाहेर आल्या नाहीत. पावसाळ्यात त्या वारल्या. म्हातारपण होतं, ताप होता, हे मला कळत होतं. पाड्यावर मात्र बायका माझ्या पानांच्या पिशवीकडे बघत आणि वाट सोडून उभ्या राहत. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी ती पानं घरात ठेवायची मला भीती वाटू लागली, म्हणून ती मी शाळेच्या कपाटात टाकली.

पुढे फॉन्ट आला. फाइल उघडली तर सगळे चौकोन भरलेले.

नातीचं लग्न ठरलं तेव्हा ती जव्हारला माझ्याकडे आली. नव्याने छापलेली पानं तिने चटाचटा वाचली, अटकावासकट. शेवटचं पान उलटून तिने मागची कोरी बाजू पाहिली.

"बाई, देवीला बोलवायचं कुठं हाय?"

"ते त्यांनी दिलंच नाही गं," मी म्हटलं.

"मंग चौक भरायचा कसा?" तिने विचारलं.