बुधवारची नोंद

त्या प्रकरणातली एक नोंद खोटी आहे आणि ती माझ्या हातची आहे. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळ्यांना गुडघ्यांचं कारण दिलं.

मे महिना होता. बाळकुमची एक मासळी विकणारी कोळीण बुधवारी दुपारी मी इन्चार्ज असलेल्या पोलीस स्टेशनला आली. तिचा मुलगा दोन मित्रांबरोबर चहाच्या टपरीवरून उठून थेट गाडीने राजस्थानात वाळवंट बघायला गेला होता. ठरवलेलं काही नाही, अंगावर हाफ पँट. आईला कळवलं तेही गुजरातेत पोहोचल्यावर.

"साहेब, गारी आली. दोघं आली. माजा पोऱ्या नाय आला."

मित्रांनी तिला सांगितलं होतं, भांडण झालं, तो जोधपूरला उतरला, ट्रेनने येईल. मुलं बऱ्या घरची. एकाच्या वडिलांना मी ओळखत होतो. शिवाय वरिष्ठांची क्राइम मीटिंग तोंडावर होती आणि मिसिंगची तक्रार दाखल केली की आणखी एक प्रकरण प्रलंबित दिसतं. मी म्हणालो, "मावशी, बावीस वर्षांचा घोडा आहे. वाळूत कुठे सून सापडली असेल. दोन दिवस वाट बघा."

हवालदार हसले. तीही हसल्यासारखं करून गेली.

शुक्रवारी सकाळी गाड्या धुणाऱ्या माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, राजस्थानातून परत आलेल्या त्या दोन पोरांची गाडी धुतोय. वाळू संपत नाही. सीटखाली एक बंद मोबाईल मिळालाय, कव्हरमध्ये टोपलीवाल्या बाईचा फोटो आहे."

दोघांना बोलावून वेगवेगळं बसवलं. एकाने ट्रेन सांगितली, दुसऱ्याने बस. पहिल्यासमोर मी मोबाईल ठेवला आणि पाण्याचा ग्लास सरकवला. तो ग्लासाकडे बघत राहिला, प्यायला नाही.

"सर, मस्करी होती. तो सारखा परत चला म्हणत होता, आई एकटी आहे म्हणून. आम्ही म्हटलं, उतर मग, जा चालत. दहा मिनिटांत फिरणार होतो."

"मग?"

"तिकडचे रस्ते सगळे सारखेच, सर. दोन तास शोधलं. मग घाबरलो."

"कधी उतरवलात?"

"मंगळवारी. पहाटे."

तिकडच्या पोलिसांना फोन केला. संध्याकाळी तो सापडला, एका मेंढपाळाच्या रिकाम्या झोपडीत. माठाच्या तळाशी थोडं पाणी असावं, त्यावर त्याने दिवस काढले. डॉक्टरांच्या मते मृत्यू गुरुवारी संध्याकाळचा.

ती माझ्यासमोर उभी होती तेव्हा तो जिवंत होता. करायचा होता तो एकच फोन.

रजिस्टरला मी लिहिलं, तक्रारदार प्रथम शुक्रवारी आली. तिला वाचता येत नाही. अंगठा उठवून तिने विचारलं, "साहेब, पोऱ्याला जास्त तरास नाय ना झाला?"

"नाही मावशी. मंगळवारीच गेला. लगेच."

दोघांवर गुन्हा दाखल झाला. माझ्यावर नाही. समोर उभी असलेली आई तिच्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त ओळखते, एवढं साधं मला इतक्या नोकरीनंतर कळलं, आणि तेही त्याच्या मरणाने.

अजूनही बाजारात दिसलो की ती टोपली बाजूला ठेवून हात जोडते. तिच्या मुलाचे ते तीन दिवस तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.